कठोर कायदे आणि पोलिसांचे कामकाज

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात महाळुंगे पडवळ येथे दिलेले व्याख्यान. स्मरणिकेच्या वाचकांसाठी लिहून काढताना काही भाग थोडा वाढविला आहे.)





शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर दहशतवादविरोधी कायद्यांचा विषय कशासाठी, असे दोघातिघांनी मला येताना विचारले. विषय माझा नाही, एका पालकाचा आहे. मागच्या मेळाव्यात चहाच्या वेळी ते गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, "वकीलसाहेब, पोराला पुण्याला कॉम्प्युटरच्या शिक्षणाला ठेवावे की इथेच दुकानावर बसवावे? फीची अडचण नाही. पण परक्या गावात खोली घेऊन राहायचे, चार मुलांबरोबर उठायचे-बसायचे, आणि उद्या कुठे काही झाले तर?" त्यांनी वाक्य पुरे केले नाही. १३ फेब्रुवारी २०१० रोजी पुण्याला कोरेगाव पार्कातील जर्मन बेकरीत स्फोट झाला आणि सतरा माणसे मेली, त्यानंतर अशी अर्धी वाक्ये मी पुष्कळ ऐकली आहेत. मी त्यांना ठरावीक उत्तर दिले : ज्याचे मन साफ, त्याला भय कसले! घरी पोहोचेपर्यंत त्या उत्तराची मलाच लाज वाटू लागली. इतकी वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजविलेल्या माणसाने असे उत्तर देऊ नये. मन साफ असणे ही अल्लाहच्या दरबारातील गोष्ट झाली. पोलीस ठाण्यात आणि न्यायालयात चालतो तो कागद. आज मी त्या कागदाबद्दल बोलणार आहे.

ज्या गावात आपण जमलो आहोत ते हुतात्मा बाबू गेनूंचे जन्मगाव. १९०८ साली या मातीत जन्मलेला हा गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या मोटारीपुढे आडवा झाला आणि चिरडला गेला. शाळेत हा धडा आपण सगळेच शिकलो. परंतु त्या काळच्या सरकारने आपल्या पोलिसांच्या हाती कोणकोणते कायदे दिले होते, हे धड्यात सहसा येत नाही. त्याची सुरुवातही आपल्याच जिल्ह्यातली आहे. १८९७ साली पुण्यात रँडचा वध झाल्यावर सरकारने नातू बंधूंना १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनचा आधार घेऊन पकडले आणि खटला न भरता सुमारे दोन वर्षे अडकवून ठेवले. सत्तर वर्षांपूर्वीचा धूळ खात पडलेला एक कायदा झटकून वापरला गेला! पुढे १९१८ साली रौलट समितीचा अहवाल आला, त्याचे पहिलेच प्रकरण मुंबई इलाख्यातील कटांवर आहे, आणि त्या अहवालातूनच १९१९ चा रौलट कायदा निघाला. दरम्यान १९०४ साली ठगी आणि डकैती खाते मोडून त्या जागी गुन्हेगारी गुप्तवार्तेचे मध्यवर्ती खाते उभे राहिले होते. ठग संपले, खाते मात्र नवे नाव घेऊन राहिले. कायदा आणीबाणीसाठी होतो, त्याच्यासाठी उभे राहिलेले खाते कायमचे होते. हे एवढे ध्यानात ठेवून पुढे चला.

त्याच इंग्रजांनी एक गोष्ट मात्र शहाणपणाची केली होती. १८७२ च्या पुरावा कायद्यात पंचविसावे कलम घातले : पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येणार नाही. आता तो कायदा जाऊन २०२३ चा भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यात हेच तत्त्व तेविसाव्या कलमात कायम आहे. हे कलम पोलिसांच्या अपमानासाठी घातलेले नव्हते. त्या कायद्याचे शिल्पकार फिट्झजेम्स स्टीफन यांनी पुढे एका मुलकी अधिकाऱ्याचे म्हणणे नोंदवून ठेवले आहे. त्याचा आशय असा की, तपासासाठी उन्हात पायपीट करण्यापेक्षा हाती सापडलेल्याचा छळ करणे शिपायाला जास्त सोयीचे वाटते. म्हणजे हे कलम जसे आरोपीच्या रक्षणासाठी आहे तसेच चांगल्या तपासासाठीही आहे. कबुली चालत नाही म्हटल्यावर फौजदाराला पंचनामा नीट करावा लागतो, मुद्देमाल लाखेने सीलबंद करावा लागतो, साक्षीदार ताबडतोब गाठावा लागतो.

१९८५ साली आणि पुन्हा १९८७ साली टाडा कायदा आला, त्यांतील १९८७ च्या कायद्याने ही भिंत पाडली. पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदविलेली कबुली पुरावा म्हणून ग्राह्य ठरू लागली. १९९४ साली कर्तारसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपुढे हा प्रश्न गेला. तिघांनी ते कलम वैध ठरविले, दोघांनी ठरविले नाही. बहुमताने वैध ठरविताना पुढच्या काळासाठी काही दंडकही घालून दिले : कबुली मोकळ्या वातावरणात घ्यावी, आरोपीच्याच भाषेत लिहावी, त्याला विनाविलंब दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे. १२ मार्च १९९३ च्या मुंबई बाँबस्फोटांत २५७ माणसे मेली. त्या खटल्यात याच कायद्याखाली शंभर जण दोषी ठरले, हेही सांगितले पाहिजे. एकच बाजू सांगणे वकिलाला कोर्टात शोभते, इथे नाही. तथापि देशभराचा हिशेब पाहा. प्रसिद्ध झालेल्या आकड्यांप्रमाणे टाडाखाली पाऊण लाखाहून अधिक माणसे पकडली गेली आणि शिक्षा झाली ती शेकडा दोनांहूनही कमी जणांना. १९९५ साली कायद्याची मुदत संपली, ती वाढविली गेली नाही.

टाडा गेला, पण महाराष्ट्रात ते कलम गेले नाही. १९९९ साली मुंबईतील टोळ्यांच्या बंदोबस्तासाठी आपल्या राज्याने संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा केला. त्यालाच आपण मोक्का म्हणतो. त्याच्या अठराव्या कलमात अधीक्षकापुढील कबुली पुन्हा आली. संघटित गुन्ह्याच्या व्याख्येत बंडाळीला उत्तेजन देण्याचाही उल्लेख असल्याने हा टोळ्यांसाठी केलेला कायदा पुढे बाँबस्फोटांच्या खटल्यांना लावला जाऊ लागला. केंद्राचा पोटा २००२ साली आला आणि २००४ साली रद्द झाला. त्यातील बराच भाग १९६७ च्या बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्यात, म्हणजे यूएपीएत घेतला गेला. कबुलीचे कलम मात्र घेतले नाही. त्यामुळे अन्य बहुतेक राज्यांत जे पोलिसांना उपलब्ध नव्हते ते महाराष्ट्रात मोक्कामुळे उपलब्ध राहिले. राज्याचे दहशतवादविरोधी पथकही २००४ साली स्थापन झाले. नवे पथक, हाती कबुलीचे कलम, आणि आरोपपत्रासाठी नव्वदऐवजी एकशे ऐंशी दिवसांपर्यंत मुदत. ज्यांनी हे केले त्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही.

या पद्धतीने काय झाले ते आता बघा. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत सात स्फोट झाले. संध्याकाळी घरी निघालेली १८९ माणसे मेली, आठशेहून अधिक जखमी झाली. तेरा जणांवर मोक्काखाली खटला चालला. २०१५ साली विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवून पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. तेरावा सुटला. तो एक शाळाशिक्षक होता. नऊ वर्षे तो आत होता आणि त्या काळात त्याने कायद्याचा अभ्यास केला. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने उरलेल्या बाराही जणांना निर्दोष ठरविले. त्यांतील एकजण चार वर्षांपूर्वीच तुरुंगात मरण पावला होता. सर्वोच्च न्यायालयाने तीनच दिवसांनी, हा निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये अशी स्थगिती दिली, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठविले नाही.

उच्च न्यायालयाने काय म्हटले ते वाचल्यावर आमच्यासारख्या जुन्या वकिलाला फार आश्चर्य वाटले नाही, वाईट मात्र वाटले. कबुल्यांतील मजकूर एकमेकांशी जुळणारा, जणू नकलून काढलेला. त्या छळ करून घेतल्याचे आरोप न्यायालयाला खरे वाटले. ज्या अधिकाऱ्याने ओळख परेड घेतली त्याला त्या वेळी तसा अधिकारच नव्हता. काही साक्षीदार शंभराहून अधिक दिवसांनी पुढे आले. जप्त केलेला माल नीट सीलबंद ठेवल्याचा भरवसा नाही. एवढेच नव्हे, तर स्फोटासाठी कोणत्या प्रकारचा बाँब वापरला हेही सरकार पक्षाला सिद्ध करता आले नाही. यातील प्रत्येक काम साधे आहे. सील लावणे, तारीख घालणे, योग्य अधिकारी बोलावणे ही कामे घोडेगावच्या न्यायालयात कोंबडीचोरीच्या खटल्यातही तपासली जातात. कबुली हाताशी असल्यावर ती कामे सैल झाली. एकोणीस वर्षांनी त्याची किंमत दोघांनी मोजली, तुरुंगात तारुण्य घालविलेल्यांनी आणि ज्यांची माणसे त्या डब्यांतून घरी परतली नाहीत त्यांनी. त्या १८९ जणांना कोणी मारले, हे अजून आपल्याला ठाऊक नाही.

हा प्रश्न एकाच समाजाचा आहे, असे समजून आपण आपलीच फसवणूक करू नये. मालेगावचेच पाहा. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शुक्रवारी, शब-ए-बरातच्या दिवशी तेथे मशिदीजवळ आणि कब्रस्तानात स्फोट झाले, तीसहून अधिक माणसे मेली. पथकाने नऊ मुसलमान तरुणांना पकडले. पुढे प्रकरण सी.बी.आय.कडे, मग राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेले, आणि एप्रिल २०१६ मध्ये त्यांच्यापैकी हयात असलेल्यांना न्यायालयाने दोषारोपातून मुक्त केले. त्याच मालेगावात २९ सप्टेंबर २००८ ला पुन्हा स्फोट झाला, सहाजण मेले. या वेळी पथकाने वेगळ्याच विचारांच्या लोकांना पकडले. पथकाचे प्रमुख हेमंत करकरे २६ नोव्हेंबरला मुंबईत हल्लेखोरांशी लढताना शहीद झाले. हेही प्रकरण राष्ट्रीय यंत्रणेकडे गेले. यातही आधी मोक्का लावला, मग विशेष न्यायालयाने काढला, उच्च न्यायालयाने परत लावला, शेवटी यंत्रणेनेच सोडून दिला. ३१ जुलै २०२५ रोजी सातही आरोपी पुराव्याअभावी सुटले. एकाच महिन्यात दोन निकाल लागले. एका निकालाने काहींनी पेढे वाटले, दुसऱ्याने दुसऱ्यांनी. मालेगावच्या आणि मुंबईच्या मृतांच्या घरी कोणी पेढे वाटले नसतील.

आता आपल्या तालुक्यापुरते बोलू. समजा, मंचर किंवा घोडेगावच्या ठाण्यात यूएपीएची एक फिर्याद नोंदली गेली. पूर्वी ठाण्यातला कागद जिल्ह्यापर्यंत जाई. २६/११ नंतर ३१ डिसेंबर २००८ रोजी राष्ट्रीय तपास यंत्रणेचा कायदा झाला. त्याच्या सहाव्या कलमाप्रमाणे ठाणे अंमलदाराने तो अहवाल तत्काळ राज्य सरकारकडे पाठवायचा, राज्याने केंद्राकडे, आणि केंद्राने पंधरा दिवसांत ठरवायचे की तपास यंत्रणेने घ्यावा की नाही. केंद्र स्वतः होऊनही तपास घेऊ शकते. १ जुलै २०२४ पासून आणखी एक वळण आले. नव्या न्याय संहितेच्या ११३ व्या कलमातही दहशतवादी कृत्याचा गुन्हा आहे. गुन्हा त्या कलमाखाली नोंदवावा की यूएपीएखाली, हे ठरविण्याचा अधिकार अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याला आहे. आपल्याकडे म्हणजे पुणे ग्रामीणच्या अधीक्षकांना. दिसायला ही कारकुनी बाब, पण फरक मोठा आहे. यूएपीएखाली खटला चालवायला सरकारची मंजुरी लागते, त्याआधी स्वतंत्र प्राधिकाऱ्याने सात दिवसांत कागद तपासून शिफारस करायची आणि पुढच्या सात दिवसांत सरकारने निर्णय द्यायचा. ही मुदत बंधनकारक आहे असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितले. ११३ व्या कलमाला ही मंजुरीची चाळणीच नाही. उलट यूएपीएत जामिनाचे दार फार अरुंद आहे. आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला की जामीन नाही, आणि त्या टप्प्यावर पुरावा खोलात जाऊन तोलायचाही नाही, असे २०१९ च्या निकालाने ठरले. खटला वर्षानुवर्षे रेंगाळला तर मात्र घटनेने दिलेला अधिकार वरचढ ठरतो, असे त्याच न्यायालयाने २०२१ साली म्हटले.

या यंत्रणेच्या कायद्याने न्यायालयेही बदलली, हे पुष्कळ वकिलांनाही उशिरा कळले. कोरेगाव भीमा प्रकरण आपल्याच जिल्ह्यातले. २०१८ साली पुणे पोलिसांनी काही लेखक, वकील, प्राध्यापकांना यूएपीएखाली पकडले. नव्वद दिवस संपत आले तेव्हा पुण्याच्या सत्र न्यायाधीशांनी आरोपपत्राची मुदत वाढवून दिली. डिसेंबर २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने म्हटले की, पुण्यात विशेष न्यायालय नेमलेले असताना ही मुदत देण्याचा अधिकार त्या न्यायाधीशांना नव्हता. यावर एका वकील भगिनीला जामीन मिळाला. बाकी आठ जणांना मिळाला नाही. का? तर त्यांनी योग्य वेळी अर्ज केला नव्हता. कायदा तोच, चूक तीच, आणि निकाल अर्जाच्या तारखेवर फिरला. आमच्या पेशात तारखेला किती महत्त्व असते, ते घरच्यांना समजावून सांगणे सर्वांत कठीण जाते. ते कुलूप लावून नातेवाइकांकडे निघून जातात आणि पहिले दहा दिवस रडण्यात जातात.

म्हणून त्या पालकांना, आणि वाचकहो, आपणांसही, काही गोष्टी सांगतो. कोणालाही अटक झाली तर चोवीस तासांत त्याला दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते, हे घटनेच्या बाविसाव्या कलमात आहे. यूएपीए असो की मोक्का, यातून सूट नाही. अटकेची कारणे लेखी द्यावी लागतात. यूएपीएबाबत सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये हे स्पष्ट केले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात ते सर्व गुन्ह्यांना लागू केले : कारणे त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत हवीत आणि कोठडी मागण्यापूर्वी किमान दोन तास आधी हाती पडली पाहिजेत. तो कागद मागा. मिळाला नाही तर मिळाला नाही असे दंडाधिकाऱ्यांना तिथेच सांगा. वकिलाला पैसे नसतील तर कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समिती त्यासाठीच आहे. मोक्कात कबुली दिलेल्या माणसाला मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नेतात, तेव्हा छळाची तक्रार त्याने तिथल्या तिथे केली तर त्याची वैद्यकीय तपासणी करून घेणे बंधनकारक आहे. पुष्कळजण तिथे गप्प बसतात आणि वर्षभराने बोलतात. गप्प का बसतात, हे मला ठाऊक आहे. रात्री परत त्याच लोकांच्या ताब्यात जायचे असते. तरीही सांगतो, बोला.

दुसरी गोष्ट संस्थाचालकांसाठी. मला माहीत असलेल्या एका वसतिगृहात काही वर्षांपूर्वी कोणाचा तरी फोन आला, "अमुक खात्यातून बोलतो, मुलांची नावे-पत्ते द्या." लेखनिकाने घाबरून सगळे प्रवेश रजिस्टरच पाठवून दिले. फोन खरा होता की खोटा, कोणी विचारले नाही. यूएपीएच्या ४३ फ कलमाखाली तपास अधिकारी संस्थेकडून माहिती मागू शकतो आणि ती नाकारणे गुन्हा आहे. पण त्यासाठी त्याला अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची लेखी पूर्वसंमती लागते. तेव्हा माहिती जरूर द्या, लपवू नका, पण लेखी पत्रावर द्या, जेवढी मागितली तेवढीच द्या, प्रत ठेवा आणि आवक-जावक रजिस्टरात नोंद करा. तपासाला साहाय्य करणे हे आपले कर्तव्य आहे. स्फोटात मरणाऱ्यांत आपलीही माणसे असतात. परंतु फोनवर रजिस्टर देणे म्हणजे साहाय्य नव्हे. त्याच रजिस्टरातल्या मुलाच्या नावावर उद्या काही आले, तर माहिती कोणी, केव्हा, कोणत्या अधिकाराने मागितली हे दाखवायला संस्थेजवळ कागद नसेल.

भाषण संपल्यावर एका विद्यार्थिनीने चिठ्ठी पाठविली. तिला फौजदाराची परीक्षा द्यायची आहे आणि घरचे नको म्हणतात. तिने विचारले होते, "सर, मी पोलिसात गेले तर मला अशी कबुली लिहून घ्यावी लागेल का?" मी तिला सांगितले की मोक्काची कबुली अधीक्षक घेतात, फौजदाराच्या वाट्याला येतो तो पंचनामा आणि मुद्देमाल. मघाशी सांगितलेल्या मुंबईच्या खटल्यात जे सील विश्वासार्ह ठरले नाही, ते लावणे हेच फौजदाराचे काम. आपल्या तालुक्याच्या ठाण्यात सील नीट लावणारी, तारीख खरी घालणारी आणि त्याच दिवशी साक्षीदाराच्या घरी जाणारी एक मुलगी आली तर मला हवीच आहे. तिच्या वडिलांशी बोलण्याचे मी कबूल केले आहे.

आणि ज्यांच्यामुळे हा विषय निघाला, त्या पालकांना मी सभेनंतर भेटलो. मुलगा जूनपासून पुण्याला जाणार आहे. खोलीचा भाडेकरार रीतसर करून घ्या आणि भाडेकरूची पोलिसांकडची नोंद घरमालकाकडून करवून घ्या, एवढे मी त्यांना सांगितले. त्या नोंदीची पोच मुलाच्या पेटीत ठेवायची की घरी, यावर आमचा थोडा वाद झाला. एक प्रत तिथे, एक प्रत इथे, असे शेवटी ठरले.